न फुगणाऱ्या आरशाची जबानी

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण भांग पाडायला माझ्यासमोर येऊन उभे राहू नका. तुमचा चेहरा माझ्यात दिसायचा नाही. माझ्यावर चकाकीचा मुलामा कधी चढलाच नाही. त्याच्या आधीच माझ्या वाट्याला मारहाण आली. आज मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या फळीवर दोन तुकडे होऊन पडलो आहे. हे तुकडे अपघाताने झालेले नाहीत. मला मुद्दाम, दिवसाढवळ्या, घणाने फोडले. ज्याने फोडले त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या एका भट्टीत झाला. भट्टीत वाळू आणि आणखी कितीतरी पदार्थ वितळून लालभडक रस होईपर्यंत भाजतात. तो रस साच्यात ओततात आणि कित्येक आठवडे हळूहळू निववतात. मी जरा कुठे निवलो, तोच मला पुन्हा तापवले. या दुसऱ्या तापण्यात माझ्या पोटात असंख्य स्फटिक उगवले. ते इतके बारीक आहेत की डोळ्यांना दिसत नाहीत. तेव्हापासून माझ्या पोटात दोन टोळ्या नांदतात, नांदतात कसल्या, भांडतात. ऊन लागले की माझ्यातली काच बाहेर फुगू पाहते आणि स्फटिक आत आकसू पाहतात. एक टोळी रेटते, दुसरी ओढते. दोघींचे बळ अगदी सारखे, म्हणून कोणीच जिंकत नाही आणि मी जसाच्या तसा राहतो. न बदलणारी वस्तू शांत असते असे लोकांना वाटते. माझ्या आत एक क्षणही शांतता नाही.

पुण्यात मी आलो त्र्याण्णव साली. परदेशी माल आणण्यावरची बंधने तेव्हा नुकतीच सैल झाली होती. त्याआधी माझ्यासारख्या काचेसाठी अर्ज करणारे साहेब निवृत्त होऊन जात, पण काच येत नसे. मी मात्र चार महिन्यांत खोक्यातून बाहेर आलो. मी परातीएवढा रुंद, चार बोटे जाड, वजनाला एकवीस किलो आणि रंगाने पातळ काकवीसारखा पिवळसर होतो. मला बघायला सगळी प्रयोगशाळा गोळा झाली.

मला कशासाठी आणले होते, तेही सांगतो. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो. तो घडीत कडक उन्हात असतो, घडीत गारठवणाऱ्या सावलीत. साधी काच अशा वेळी फुगते, आकसते, तिचा आकार बिघडतो आणि चित्र पुसट होते. माझ्यासारखी काच किती थंडी-उन्हाला टिकते, केसाच्या हजाराव्या भागाइतकी तरी हलते का, हे इथल्या लोकांना मोजायचे होते. पण मोजण्याआधी मला आरशाचा आकार द्यायला हवा होता, आणि ते काम रंगरावांचे होते.

रंगराव बिबवेवाडीहून सायकलवर येत. काचेला हात लावण्यापूर्वी ते चप्पल काढत आणि दोन्ही हात कोपरापर्यंत धूत. मला वाटले, काय हा प्रेमळ माणूस! मग त्यांनी माझ्या तोंडावर खरखरीत पावडर टाकली, पाणी शिंपडले, वर लोखंडी तवा ठेवला आणि यंत्र सुरू केले. आठ महिने माझे तोंड सोलत होते, मित्रांनो. आधी खरखरीत पावडर, मग बारीक, मग त्याहून बारीक. माझ्या अंगाचा चिखल होऊन नळीतून वाहून जाई. मी ओरडू शकत नव्हतो म्हणून किंचाळण्याचे काम यंत्र करी.

यंत्रावर संपत नावाचा पोरगा असे. तो रंगरावांचा मेहुणा, त्यांच्या बायकोचा, विमलाबाईंचा धाकटा भाऊ, मांजरी गावचा. रंगरावांनीच त्याला इथे चिकटवले होते. त्याचा हात जड होता आणि तोंड त्याहून सैल.

"संपत, काच घासतोयस का गुऱ्हाळ चालवतोयस?" रंगराव विचारत.

"गुऱ्हाळ बरं, दाजी. त्ये रस तरी देतं. ही काच नुसता चिखल देतीया."

रंगराव हसत नसत, पण त्या दिवशी डब्यातली भाकरी त्याला जास्तीची मिळे. दोघे माझ्याशेजारीच जेवायला बसत. मारणाऱ्या माणसांचा लळा लागतो हे सांगायला लाज वाटते, पण मला लागला होता.

घासून झाल्यावर रंगरावांनी माझी परीक्षा घेतली. ती त्यांच्या गुरूंपासून चालत आलेली पद्धत. काचेवर अंगठा टेकवायचा, साठ आकडे मोजायचे, अंगठा उचलायचा आणि दिव्यासमोर वस्तऱ्याच्या पातीच्या आडून पाहायचे. साध्या काचेवर अंगठ्याच्या उबेनेसुद्धा गांध उठते. ती बसेपर्यंत तासभर थांबावे लागते. रंगरावांनी माझ्यावर अंगठा टेकवला, साठ मोजले आणि पाहिले. मग पुन्हा टेकवला, आणि या वेळी शंभर मोजले.

"काही नाही उठलं," ते हळूच म्हणाले. "संपत, ये, बघ. मेलेल्या माणसासारखी आहे ही काच."

ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. शब्द जरा वेगळे निवडता आले असते, पण मी ती ठेवून घेतली.

शेवटचे एक काम राहिले होते. काचेची कड धारदार ठेवली तर तिच्या कपच्या उडतात, म्हणून कड तिरकी घासून बोथट करावी लागते. त्याला रंगराव कड मोडणे म्हणत. ते काम त्यांनी एकट्याने केले, कारण त्या शनिवारी संपतचा साखरपुडा होता आणि रंगरावांनी त्याला सकाळीच मांजरीला पिटाळले होते. त्यांनी माझी कड सगळीकडून मोडली. एक बोटभर जागाही त्यांनी सोडली नाही. हे मी शपथेवर सांगतो, कारण ती माझी कड होती आणि घासताना मला लागत होते. पण ते बघायला तिथे तिसरे कोणी नव्हते.

आता अनिरुद्धची ओळख करून देतो. माझ्या चाचण्यांची जबाबदारी असलेला हा तरुण इंजिनियर. तो हुशार होता, अगदी खरोखर हुशार होता, आणि त्याला ते माहीत होते. माझ्याच भट्टीतला एक छोटा तुकडा नमुना म्हणून माझ्याबरोबर आला होता. माझा भाऊच म्हणा. एके दिवशी अनिरुद्धने सगळ्यांना जमवले, त्या तुकड्याला चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर लाल केले आणि तसाच बादलीतल्या थंड पाण्यात बुडवला. पाणी चवताळून उसळले. पुढच्या रांगेतले दोघे मागे सरले. अनिरुद्धने तुकडा बाहेर काढून हातात फिरवला. त्याला एक तडासुद्धा गेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, माझ्या भावाला जिवंत भाजून बुडवले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरे सांगायचे तर मलाही अभिमान वाटला. आपल्याला काहीच होऊ शकत नाही, असे त्या दिवशी अनिरुद्धला वाटले, टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटले आणि मलाही वाटले. इथेच घात झाला.

थंडीच्या चाचणीसाठी मला एका पोलादी कड्यात बसवायचे होते. कड्याला तीन बोल्ट होते, ते तीन बाजूंनी मला धरणार. रंगरावांची याबाबतही एक रीत होती. बोल्ट आवळताना ते काच आणि बोल्ट यांच्यामध्ये एक पोस्टकार्ड सरकवत. आवळून झाल्यावर पोस्टकार्ड काढून घेत. ते सहज निघाले तर बरोबर. अडकले तर बोल्ट सैल करायचा. म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीएवढी मोकळीक काचेला राही. त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढले, तसा अनिरुद्ध हसला.

"अहो रंगराव, पोस्टकार्ड कशाला? मोकळीक ठेवली तर आरसा कड्यात हलेल आणि माझं रीडिंग जाईल."

"काचेला जागा लागते, साहेब."

"साध्या काचेला. हिचं एक्स्पान्शन झिरो आहे. झिरो म्हणजे झिरो. तुम्हीच अंगठा टेकवून बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग? जी काच हलतच नाही, तिला जागा कशाला?"

रंगरावांना गुरूंनी रीत शिकवली होती, कारण शिकवले नव्हते. ते म्हणाले, "मला कारण विचाराल तर सांगता यायचं नाही. पण ठेवावी."

"कारण नसेल तर नको," अनिरुद्ध म्हणाला.

रंगरावांनी पोस्टकार्ड खिशात घातले आणि स्वतःच्या हाताने तिन्ही बोल्ट माझ्या अंगाला भिडवून आवळले. संपत पाना धरून शेजारी उभा होता. त्याने सगळे ऐकले. साहेबाचे गणित बरोबर असणार, असे त्यालाही वाटले.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातली ती दुपार. बाहेर पुणे भाजत होते आणि मला कड्यासकट जाड भिंतींच्या पेटीत ठेवून आत थंडगार नायट्रोजन सोडला जात होता. अनिरुद्ध यंत्राला डोळा लावून बसला. शून्य अंश झाले. शून्याखाली दहा झाले, वीस झाले. माझ्या पोटातल्या दोन्ही टोळ्या नेहमीप्रमाणे एकमेकींना भिडल्या आणि मी होतो तसाच राहिलो. पण माझ्याभोवतीचे कडे पोलादाचे होते, मित्रांनो. पोलाद थंडीत आकसते. मी आकसत नव्हतो आणि ते आकसत होते. शून्याखाली तीस अंशांना तिन्ही बोल्ट माझ्या बरगड्यांत रुतले. मागे सरायला मला जागा नव्हती. साधी काच असती तर तीही थोडी आकसली असती, थोडी तरी सुटली असती. माझे न बदलणेच माझ्या जिवावर उठले.

चाळीसला माझ्या बगलेत टक्क असा आवाज झाला.

"काय झालं?" अनिरुद्धने मान वर केली. "संपत, झाकण उचलून बघ जरा."

संपतने झाकण उचलले आणि वाकला. त्याच क्षणी दुसऱ्या बोल्टाखालची काच फुटली. भेग माझ्या काळजापर्यंत धावली आणि कडेचा एक टवका बंदुकीच्या छर्ऱ्यासारखा वर उडाला. तो संपतच्या डाव्या डोळ्यात घुसला.

तो आवाज मी विसरलो नाही. काचेच्या फुटण्याचा नव्हे, संपतचा. तो मागे कोसळला, टाचा घासत जमिनीवर गोल फिरला, आणि त्याच्या बोटांमधून रक्त आणि आणखी काहीतरी गळत होते. रंगरावांनी त्याचे डोके मांडीवर घेतले. "हात लावू नकोस, संपत, हात लावू नकोस," एवढेच ते म्हणत राहिले. नायट्रोजनचा पांढरा धूर पेटीतून ओसंडून दोघांच्या अंगावरून वाहत होता.

डोळा गेला. महिनाभराने व्हायचे ते लग्नही गेले. मुलीच्या वडिलांनी नारळ परत पाठवला.

मग चौकशी बसली. तीन साहेब आले, त्यांनी मला उलटून पालटून पाहिले. कडे आणि बोल्ट तोवर कोणीतरी काढून कुठेतरी ठेवले होते. मला वरवर पाहिले तर एवढेच दिसे की कडेचा टवका उडाला आहे. कडेचा टवका का उडतो? कड नीट मोडली नसेल तर. रंगराव म्हणाले, "कड मी मोडली होती. बोट फिरवून बघा." साहेबांनी बोट फिरवले, बाकीची कड गुळगुळीत लागली. पण जिथे खात्री करायची तेवढीच जागा उडून गेलेली. तेवढीच सुटली असावी, असे त्यांनी लिहिले. रंगरावांनी पोस्टकार्डाचेही सांगून पाहिले.

"ज्या काचेचं प्रसरण शून्य आहे, तिच्यासाठी पोस्टकार्ड?" एका साहेबाने विचारले, आणि चष्मा पुसला. अनिरुद्ध खाली मान घालून बसला होता.

अहवालात एक शब्द आला, 'निष्काळजीपणा'. त्यापुढे रंगरावांचे नाव आले. तीस वर्षे कोपरापर्यंत हात धुऊन काचेला शिवणारा माणूस! संतापाने मी तापलो असतो, पण तेही मला जमत नाही.

अहवालाची बातमी मांजरीला पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी संपत आला. डोळ्यावर पट्टी होती. रंगराव माझ्याजवळ उभे राहून, उजवा हात माझ्यावर टेकवून, भिंगातून माझी फुटलेली कड बघत होते. अहवालामुळे नोकरी गेली होती, त्यांचा तो शेवटचा आठवडा.

"दाजी, कड मोडली न्हाई तुमी," संपत दारातूनच म्हणाला.

"मोडली होती."

"मी हितं नव्हतो म्हणून सुटली तुमची. घाईत व्हता. माझ्या साखरपुड्याला याची घाई झालती तुमाला."

"संपत, मी एक बोट जागा सोडली नाही. आईची आण."

"साहेब लोक खोटं लिवत्यात व्हय?"

रंगरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. संपतने यंत्राजवळचा लोखंडी दांडा उचलला होता. रंगरावांना हात काढून घ्यायला वेळ मिळाला नाही. पहिला घाव त्यांच्या बोटांवर बसला, खाली मी आणि वर लोखंड. हाडे मोडल्याचा आवाज काचेसारखाच असतो, हे मला तेव्हा कळले. दुसरा घावही तिथेच बसला. तिसरा खांद्यावर. रंगराव खाली बसले तरी संपत मारत होता आणि रडत होता, आणि एका डोळ्याने नेम चुकत होता म्हणूनच रंगराव वाचले. चौघांनी मिळून त्याला ओढून काढले.

दाराशी अनिरुद्ध चहाचा कप घेऊन उभा होता. तो एक पाऊल पुढे आला. मग मागे गेला.

रंगरावांनी पोलिसात तक्रार दिली नाही. बोटे वाकडी जुळली, त्यांत पेनसुद्धा धरता येईना. ते बिबवेवाडीतल्याच एका सोसायटीच्या फाटकावर बसू लागले. विमलाबाईंचे माहेर तुटले. भाऊबीज आली की मांजरीला भाऊ आणि बिबवेवाडीत बहीण, दोघे दोन टोकांना. हे मला उत्कर्षाकडून कळले, पण तिची ओळख पुढे येईल.

माझी रवानगी कोठीत झाली. मित्रांनो, मारहाण परवडली, पण विसरणे परवडत नाही. बाहेर जग बदलत होते. प्रयोगशाळेतले तरुण एकामागून एक सॉफ्टवेअरमध्ये गेले. अनिरुद्ध तर त्याच वर्षी गेला. माझ्यावर कॉम्प्युटरची रिकामी खोकी रचली. खोकी गेली तर जुने मॉनिटर आले. मग एका शिपायाच्या लक्षात आले की माझ्यावर उकळती किटली ठेवली तरी मला काही होत नाही. तेव्हापासून मी चहाचा पाट झालो. ज्या गुणासाठी मला समुद्रापलीकडून आणले, त्याचा हा उपयोग. अकरा वर्षे माझी भेग मिटलेली राहिली, आणि तिच्या आत खरे काय ते बंद होते.

दोन हजार पाच साली प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची ठरली. कोठीतली अडगळ काढायचे काम नव्याने लागलेल्या एका संशोधक मुलीकडे आले. तिने माझ्यावरची किटली बाजूला केली, चहाचे डाग ओल्या फडक्याने पुसले आणि मागे कोरलेला, घरी कितीदा ऐकलेला नंबर वाचला. वाचून ती खाली फरशीवरच बसली. ती उत्कर्षा. रंगरावांची मुलगी. बोटे मोडली तेव्हा ती सातवीत होती. तिने पुढे काच कशी आणि का फुटते याचाच अभ्यास केला. का केला, हे विचारायची गरज नाही.

तिने माझी भेग भिंगाखाली तीन दिवस पाहिली. मग तिने वडिलांना आणले. रंगराव म्हातारे झाले होते. त्यांनी डाव्या हाताने माझी धूळ झटकली.

"बाबा, भेग उघडल्याशिवाय काही सिद्ध होणार नाही," उत्कर्षा म्हणाली. "काच फुटते तेव्हा तिच्या आतल्या अंगावर वलयं उमटतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. जिथून फुटली तिथं ती गोळा होतात. सुरुवात कडेवरून झाली असेल तर तसं दिसेल. पण त्यासाठी हिला फोडावं लागेल."

"आठ महिने घासलीय मी ही."

"माहितेय."

"फोड," रंगराव म्हणाले. "पण कड सुटली होती असं निघालं, तर ते घरी येऊन आईला सांगायचं. लपवायचं नाही."

"मी नाही फोडणार. तुम्हीही नाही. मामा फोडेल. आपण फोडली तर तो म्हणेल, हवी तशी फोडली."

संपतला आणायला ती चार वेळा मांजरीला गेली. पाचव्यांदा तो आला. डोळ्याच्या जागी खळगा, दाढी पांढरी. त्याने रंगरावांकडे पाहिले नाही, रंगरावांनी त्याच्याकडे पाहिले नाही. उत्कर्षाने भेगेवर छिन्नी टेकवून दाखवली, सगळ्यांना जाड चष्मे दिले आणि घण मामाच्या हातात ठेवला.

संपतने घण उचलला. अकरा वर्षांचा राग होता त्यात. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मला बोलायचे होते, आणि काचेला बोलायला दुसरा मार्ग नसतो. मी मनात म्हटले, मार, संपत, जोरात मार.

पहिल्या घावाने मी थरथरलो. दुसऱ्या घावाला भेग काळजापासून पलीकडच्या कडेपर्यंत फाटत गेली. तिसऱ्याला मी दोन झालो. खोलीभर माझा चुरा उडाला.

उत्कर्षाने एक तुकडा उताणा केला, दिवा तिरका धरला आणि भिंग मामाच्या हातात दिले. "तूच बघ. मी काही सांगत नाही."

संपत वाकला. तो अडाणी नव्हता. काचेवर त्याने उमेदीची वर्षे काढली होती. माझ्या आतल्या अंगावर वलये स्पष्ट होती. एकामागे एक, लहान लहान होत ती एका जागी गोळा झाली होती. ती जागा कडेवर नव्हती. कडेच्या बोटभर खाली, माझ्या बगलेत, जिथे बोल्ट रुतला होता तिथे नखाएवढी चिरडलेली अर्धचंद्राकार खूण होती.

"हितं तर बोल्ट व्हता," संपत म्हणाला.

"हो. कडं पोलादाचं होतं मामा. ते थंडीत आकसलं, ही आकसली नाही. मध्ये जागाच ठेवली नव्हती."

संपतने भिंग खाली ठेवले. "साहेबाला कळलं न्हाई ह्ये?"

उत्कर्षा खोटे बोलली असती तर बरे झाले असते की काय, मला अजून ठरवता येत नाही. पण ती म्हणाली, "मी काल अनिरुद्ध सरांना फोन केला होता. ते खराडीला एका कंपनीत मोठ्या पदावर आहेत. म्हणाले, चौकशी चालू होती त्याच आठवड्यात गणित करून बघितलं होतं. तेव्हाच कळलं होतं."

"आन बोलला न्हाई?"

"नव्या नोकरीचं पत्र हातात होतं म्हणाले."

संपतने घण पुन्हा उचलला. "खराडीला कंची बस जाती गं?" त्याने विचारले, आणि दाराकडे निघाला. उत्कर्षा पांढरीफटक पडली.

रंगराव दारात जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले.

"कशाला? एक डोळा झाला, एक हात झाला. आता काय पाय आणतोस कुणाचा?"

"सरा दाजी. माझा डोळा त्यानं घेतला."

"घेतला."

"आन तुमचा हात..." संपत थांबला. तो रंगरावांच्या वाकड्या बोटांकडे बघत होता, आणि बघता बघता त्याचा चेहरा असा झाला की मला पाहवेना. "तुमचा हात कुणी घेतला, दाजी? त्यो तर मीच घेतला."

"हो," रंगराव म्हणाले. "म्हणून मला आता वजन उचलवत नाही. घण ठेव आणि तो तुकडा फळीवर ठेवून दे. जड आहे."

संपतने घण भिंतीशी टेकवला, खाली वाकला आणि माझा मोठा तुकडा दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलला. धार त्याच्या मनगटाला लागली, रक्त आले, तरी त्याने तो सोडला नाही. फळीवर ठेवल्यावर तो तिथेच, माझ्यावर कपाळ टेकून रडला. रंगराव त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पण ते निघूनही गेले नाहीत.

मित्रांनो, मी भट्टीत भाजलो, आठ महिने सोललो गेलो, थंडीत चिरडलो गेलो आणि शेवटी फुटलो. त्यातले काहीच मला अन्याय वाटत नाही; काचेचे आयुष्य असेच असते. माझा राग आहे तो एका माणसाच्या गप्प बसण्यावर, आणि थोडा माझ्या स्वतःच्या गर्वावरही. तुम्हाला एवढेच मागतो. जे कधी बदलत नाही अशी तुमची खात्री असेल, त्यालाही थोडी जागा ठेवून धरा. काही फुटलेच, तर आधी फुटलेली जागा नीट बघा. हात त्यानंतरच उचला. आणि चूक आपली आहे असे कळले, तर ते त्याच दिवशी बोला.

उत्कर्षाने तो अहवाल दुरुस्त करून घेतला आहे. रंगरावांच्या नावापुढचा शब्द साहेबांनी खोडला, खाली सही केली आणि शिक्का मारला. बोटे मात्र वाकडी आहेत ती वाकडीच राहिली.